तोंडाचा कॅन्सर आणि रक्तातले पांढरे पहारेकरी

(सोनारी येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय देण्यात आला तो 'तोंडाच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या रक्तपेशींचे कार्य' असा आहे. विषयाचे नाव जाहीर होताच मागे बसलेल्या काही मुलांनी एकमेकांकडे पाहिले, हे माझ्या लक्षात आले आहे. परंतु घाबरू नका. विषय पुस्तकातला वाटला तरी तो तुमच्या घरातला आहे. ज्या घराच्या कोनाड्यात मिश्रीची डबी आहे, ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आहे, ज्या घरी शादीच्या दिवशी पानाचे तबक फिरते आणि ज्या मुलाच्या दप्तरात सुपारीची रंगीत पुडी सापडते, त्या प्रत्येक घरातला तो आहे.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. माझे एक मामू होते. याच परांडा भागात त्यांची शेती होती. माणूस कष्टाळू आणि शब्दाचा पक्का. परंतु तंबाखूची चिमूट गालात धरल्याशिवाय त्यांचा हात कामाला लागत नसे. मी वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी आलो तेव्हा त्यांनी मला आपला डावा गाल आतून दाखविला. आत रुपयाएवढा पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध एक लहानशी जखम होती. "दुखत नाही बेटा, पण मिरची लागली की झोंबते," असे ते म्हणाले. सोबत त्यांनी रक्ततपासणीचा कागदही आणला होता. मी नव्या विद्वानाच्या थाटात तो वाचला. पांढऱ्या पेशी साडेनऊ हजार होत्या, म्हणजे मर्यादेत होत्या. मी म्हणालो, "मामू, रक्त नॉर्मल आहे. काळजी करू नका." घरात सर्वांना हायसे वाटले.

पाच महिन्यांनी त्यांच्या गळ्याला गाठ आली, तेव्हा त्यांना मुंबईला नेले. अर्धा जबडा काढावा लागला. त्यानंतर ते दीड वर्ष जगले. त्यांनी मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. परंतु तो कागद आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटासाठी राखून न ठेवता आधीच सांगतो. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तोंडात कॅन्सर नाही, असे कधीही समजू नका. असे का, हे कळण्यासाठी या पांढऱ्या पेशी कोण आहेत आणि त्या काय करतात, हे आपण पाहू.

बोटाला सुई टोचली की जो थेंब येतो, त्यातला मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक घनमिलिमीटर भाग घेतला, तर त्यात तांबड्या पेशी सुमारे पंचेचाळीस ते पन्नास लाख असतात. पांढऱ्या पेशी मात्र निरोगी माणसात ४ हजार ते ११ हजार एवढ्याच असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशींचे काम राखणीचे. दोन्ही हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत जन्म घेतात. पूर्वी गावात जागल्या असे, पाटील असे आणि प्रत्येकाचे काम वेगळे असे, तसेच या पेशींचेही आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी संख्येने सर्वांत जास्त. जखम झाली की त्या सर्वांआधी धावतात, जंतू गिळतात आणि बहुधा तेथेच मरतात. फोडातला पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेते. दुसऱ्या मोठ्या भक्षक पेशी. त्या जंतू खातात, मेलेल्या पेशींचा केर उचलतात आणि जखम भरून आणण्याची व्यवस्था पाहतात. तिसऱ्या लिम्फोसाइट. यांत बी-पेशी आणि टी-पेशी असे प्रकार आहेत. बी-पेशींपासून जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार होतात. टी-पेशी शरीरातल्या पेशी एकेक करून तपासतात आणि बिघडलेली पेशी सापडली की तिला ठार करतात.

सोनारीच्या मुलांना टी-पेशीचे काम समजावून देणे सोपे आहे. इथल्या भैरवनाथाच्या देवळाभोवतीची माकडे तुम्ही रोज पाहता. दहा यात्रेकरूंच्या हातांत दहा पिशव्या असल्या, तरी खाऊ कोणत्या पिशवीत आहे हे ती नेमके ओळखतात. टी-पेशीचेही तसेच. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या भिंतीवर मांडून ठेवते. टी-पेशी ते तुकडे चाचपते. तुकडा ओळखीचा असला तर पुढे जाते. परका असला तर तेथेच थांबते आणि हल्ला करते.

या पेशी जंतू गिळतात, हे प्रथम ठासून सांगणारा शास्त्रज्ञ एल्या मेचनिकॉफ. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी वेढा घातलेला. या कामाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याचाच एक विद्यार्थी पुढे मुंबईला आला. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेगने हाहाकार उडाला असता हाफकिनने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला भीत होते. तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांच्या आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतःच्या दंडात सुई टोचून घेतली आणि हाफकिनच्या कामाला जागाही दिली. ही हकिकत मी विनाकारण सांगितली नाही. भाषणाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आता तोंडाकडे वळू. शरीराला जर गाव म्हटले तर तोंड ही त्याची वेस. अन्न, पाणी, हवा, धूळ, जंतू, सर्व काही याच वेशीतून आत येते. म्हणून येथे पहारा कडक आहे. हिरड्या आणि दात यांच्या फटीतून न्यूट्रोफिल पेशी रात्रंदिवस लाळेत उतरत असतात. घशातले टॉन्सिल आणि मानेतल्या लसिका ग्रंथी ही लिम्फोसाइटची ठाणी आहेत. दाढ किडून सुजली की जबड्याखाली गाठ येते, ती या ठाण्यातली फौज वाढल्यामुळे.

हा पहारा केवळ जंतूंविरुद्ध नसतो. गालाच्या आतली त्वचा सतत झिजत असते आणि नव्या पेशी जन्म घेत असतात. प्रत्येक पेशीत तिच्या वागण्याचा लिखित कायदा असतो; त्याला आपण जनुके म्हणतो. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची विषारी रसायने असतात. ती हा कायदा खोडतात. सुपारीतल्या द्रव्यांनीही हानी होते. चुना कातडी भाजतो, आणि तंबाखू-सुपारीतली द्रव्ये आत शिरण्यास मदत करतो. कायदा पुरेसा खोडला गेला की ती पेशी कोणाचे ऐकेनाशी होते आणि बेसुमार वाढू लागते. हाच कॅन्सर. अशा बिघडलेल्या पेशी कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधीपासून निर्माण होत असतात, आणि टी-पेशी व त्यांच्या सोबतिणी त्यांतल्या अनेकींना वेळीच संपवीत असतात. याचा पुरावा असा, की मूत्रपिंडाचे रोपण झाल्यावर ज्या रुग्णांना ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात, त्यांच्यात ओठांचा व तोंडाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आढळतो. पहारा ढिला पडला की चोर माजतात.

मग पालक विचारतील, पहारा जर इतका चोख आहे तर कॅन्सर होतोच कसा? याचे उत्तर नीट ऐका, कारण त्यातच आपल्या हातात काय आहे हे दडलेले आहे.

पहिली गोष्ट. पांढऱ्या पेशींची लढाई थोड्या दिवसांची असावी, अशी निसर्गाची योजना आहे. जीभ चावली गेली, पेशी धावल्या, आठ दिवसांत जखम भरली आणि पेशी परतल्या. परंतु जो माणूस गालाच्या एकाच कोपऱ्यात रोज सात-आठ वेळा तंबाखू धरतो, त्याच्या त्या कोपऱ्यात वीस वर्षे लढाई थांबतच नाही. जंतू मारण्यासाठी या पेशी जी दाहक द्रव्ये सोडतात, ती शेजारच्या निरोगी पेशींच्या जनुकांनाही इजा करतात. जखम भरावी म्हणून त्या जे वाढीचे संदेश देतात, ते बिघडलेल्या पेशींच्याही कामी येतात. ज्याने गावाचे रक्षण करायचे, त्याच्याच मशालीने गंजी पेटावी, असा हा प्रकार आहे. यात दोष मशालीचा नाही. जो वीस वर्षे खोटी हाकाटी करून पहारेकऱ्याला पळवीत राहिला त्याचा आहे.

दुसरी गोष्ट सुपारीची. सुपारीच्या सततच्या संपर्काने गालात जमलेल्या पांढऱ्या पेशी जे संदेश सोडतात, त्यामुळे तेथे तंतूंचे जाळे वाढत जाते आणि मऊ गाल चामड्याच्या पट्ट्यासारखा ताठ होतो. प्रथम तिखट सोसत नाही, पुढे तोंड उघडत नाही. आपली तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. ती जात नसतील तर डॉक्टरला दाखविलेच पाहिजे. या अवस्थेतून पुढे काहींना कॅन्सर होतो. "मी तंबाखू कुठे खातो, नुसती सुपारी तर खातो," असे म्हणणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही २००४ साली कॅन्सरकारक ठरविले आहे.

तिसरी गोष्ट फितुरीची. कॅन्सरची गाठ थोडी वाढली की ती भक्षक पेशींना आपल्याकडे बोलावते आणि आपल्या बाजूला वळवून घेते. केर उचलणारी, जखम भरणारी ही पेशी मग गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या आणण्याच्या कामी लागते आणि टी-पेशींना अडविते.

चौथी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. टी-पेशीने भान सोडून आपल्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून तिला एक लगाम दिलेला आहे. त्याचे नाव पीडी-वन. जपानमधल्या क्योतो येथे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली हा लगाम सापडला. कॅन्सरच्या पेशी हा लगाम ओढायला शिकतात. टी-पेशी गाठीपर्यंत पोहोचते, शत्रू ओळखते, पण कोणीतरी लगाम खेचून धरल्यामुळे जागच्या जागी उभी राहते.

आता मामूंच्या कागदाकडे या. तो कागद चुकीचा नव्हता. मी तो चुकीचा वाचला. लढाई चालली होती गालातल्या एका कोपऱ्यात, आणि कागदावर मोजणी होती ती रस्त्याने जाणाऱ्या पहारेकऱ्यांची. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णात पांढऱ्या पेशींची संख्या नॉर्मल असू शकते, वाढलेली असू शकते, कमीही असू शकते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या प्रमाणावरून पुढच्या वाटचालीचा थोडा अंदाज येतो, परंतु तो निदान झालेल्या रुग्णात. निदान त्यावरून होत नाही. निदान होते ते बायॉप्सीने, म्हणजे संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याने. "काप लावला की रोग पसरतो," या समजुतीने कितीतरी माणसे बायॉप्सी टाळतात आणि रोगाला सवलत देतात. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. त्या तुकड्यात गाठीभोवती आणि गाठीच्या आत पांढऱ्या पेशी किती शिरल्या आहेत, हेही दिसते. जेथे लिम्फोसाइट मोठ्या संख्येने आत शिरलेल्या असतात, तेथे रुग्णाची वाटचाल पुष्कळदा अधिक चांगली होते. शरीर लढत असल्याची ती खूण आहे.

आणखी दोन घोटाळे दूर करतो. तोंडातला पांढरा चट्टा पांढऱ्या पेशींमुळे पडत नाही. त्वचा जाड झाल्याने तो पांढरा दिसतो. तो कॅन्सर नव्हे, परंतु पुढे कॅन्सर होण्याची शक्यता दाखविणारा इशारा आहे. लाल चट्टा त्याहून गंभीर. दुसरा घोटाळा ब्लड कॅन्सरचा. त्या रोगात पांढऱ्या पेशींनाच कॅन्सर होतो, म्हणून तो बहुधा रक्ततपासणीत दिसतो. त्याच्या काही प्रकारांवर पवईच्या आय.आय.टी.ने व टाटा रुग्णालयाने रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्याला परत देण्याचा भारतीय उपचार विकसित केला आणि २०२३ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. परंतु तोंडाच्या कॅन्सरवर तो उपचार लागू नाही. वर्तमानपत्र वाचून आशेने धावणाऱ्यांनी हा फरक जाणून घ्यावा.

तोंडाच्या कॅन्सरसाठी या पेशींच्या अभ्यासाचा काय उपयोग झाला? मुंबईच्या टाटा रुग्णालयाची दोन कामे सांगतो. तोंडाचा कॅन्सर पसरतो तो बहुधा प्रथम मानेतल्या लसिका ग्रंथींत, म्हणजे पहारेकऱ्यांच्याच ठाण्यात. सुरुवातीच्या अवस्थेत मानेत गाठ नसेल तर या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ येण्याची वाट पाहावी, असा जुना वाद होता. टाटातील डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्या शंभर रुग्णांपैकी ८० तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण साडेसदुसष्ट होते. म्हणून डॉक्टरांनी "मानेचीही शस्त्रक्रिया करू" असे म्हटले तर "मानेत तर काही नाही" म्हणून अडून बसू नका.

दुसरे काम लगामाचे. तो लगाम सैल करणारी औषधे निघाली. या संशोधनाबद्दल होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. परंतु पूर्ण मात्रेचा खर्च लाखांच्या घरात. आपल्यासारख्यांनी काय करावे? टाटाच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब या औषधाची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिली. सोबत तोंडाने घेण्याची स्वस्त औषधे होती. तोंड, घसा इत्यादी भागांचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेले १५१ रुग्ण या अभ्यासात होते. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या शंभरांपैकी सुमारे १६ जण वर्षभर जगले. अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांत सुमारे ४३. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि गरीब देशांतल्या रुग्णांना त्याने आशा दिली.

पण पालकहो, हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. ४३ जगले याचा अर्थ ५७ वर्ष पुरे करू शकले नाहीत. रोग हाताबाहेर गेल्यावर जगातले उत्तम औषधही पहारेकऱ्याला थोडीच मदत करू शकते. तीच मदत आपण आधी केली तर? तंबाखू-सुपारी सोडणे म्हणजे वीस वर्षांची खोटी हाकाटी थांबविणे. सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो आणि काहींचे पांढरे चट्टे विरतातही. ताठ झालेला गाल पूर्ववत होत नाही. तरीही पुढची हानी टळते.

वेळीच दाखविण्याचे महत्त्व आपल्या भागाला तरी नव्याने सांगावे लागू नये. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली आणि तिच्यात बार्शीबरोबर आपला परांडा आणि शेजारचा भूम हे तालुके होते. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगू लागले, आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. तोंडाच्या बाबतीत केरळात १९९६ पासून असेच घरोघर काम झाले. शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी टॉर्चच्या उजेडात लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. केवढी मोठी यंत्रसामग्री लागली? एक टॉर्च आणि दोन डोळे.

म्हणून प्रत्येक घराने महिन्यातून एकदा हे करावे. चूळ भरा, आरशासमोर उजेडात उभे राहा. दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पांढरा वा लाल चट्टा, गाठ, हलणारा दात, कमी उघडणारे तोंड, मानेतली गाठ किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम आढळली तर दाताच्या डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही. औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून महिनेच्या महिने काढू नका. कॅन्सरचे रुग्णालय बार्शीला, आपल्या दाराशीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारांचा समावेश आहे. तेव्हा पैशाच्या भीतीने घरी बसू नका, आधी चौकशी करा. आणि आपल्या माता-भगिनींना विसरू नका. मिश्री लावणारी दादी किंवा नानी आपले तोंड कोणाला दाखवीत नाही. तिच्या सुनेने, नातीने ते पाहावे आणि गरज वाटल्यास लेडी डॉक्टरकडे न्यावे.

"सवय सुटत नाही," असे पुष्कळजण म्हणतात. मी त्यांना एकच विचारतो. रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तुम्ही तंबाखूशिवाय राहता, शेतात आणि कारखान्यावर कामही करता. ते बळ कोठून येते? जो माणूस तीस दिवस दिवसभर राहू शकतो, त्याच्याने सुटत नाही असे कसे म्हणावे? त्या महिन्यात इफ्तारनंतर चिमूट उचलू नका, आणि ईदनंतर पुन्हा सुरू करू नका. आधार हवा असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरीही पुडी मिळते, हे तुम्हीही जाणता आणि मीही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले शंभरांतले चोवीस प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. म्हणजे पुडी विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. तेव्हा कायद्याच्या आधी तुमचा नकार हवा.

आणि पालकहो, मुलाच्या नकाराच्या आधी तुमचा नकार हवा. म्हणूनच मघाशी आगाखानांची हकिकत सांगितली. त्यांनी लोकांना नुसते "लस घ्या" म्हटले नाही. आधी स्वतःचा दंड पुढे केला. बाप पुडी फाडता फाडता मुलाला उपदेश करील, तर मूल उपदेश ऐकत नाही, पुडी पाहते. पुढच्या शादीत आपल्या घरच्या तबकात तंबाखू-सुपारीऐवजी बडीशेप आणि खडीसाखर ठेवा. चार पाहुणे नाक मुरडतील, मुरडू द्या.

शेवटी मुलांना एक काम देतो. आज घरी गेल्यावर टॉर्च घ्या आणि आपल्या अब्बांना, दादांना, मामूंना अदबीने म्हणा, "जरा तोंड उघडा, मला पाहायचे आहे." काही दिसले तर "रक्त तपासू" म्हणून थांबू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. माझ्या मामूंनी मला स्वतःहून गाल दाखविला होता, आणि मी कागद पाहिला. तुम्ही गाल पाहा.